वाचकांचे प्रश्न : टेम्पोरल लोबची आकडी ईईजीवर कशी वाचावी

व्हिडिओ-ईईजीवर, म्हणजे रुग्णाचे चित्रीकरण आणि मेंदूचा विद्युत आलेख एकाच घड्याळावर नोंदवणाऱ्या तपासणीवर, आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रे टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागातून उठणाऱ्या आकडीबद्दल आहेत. काही पत्रे तंत्रज्ञांची आणि विद्यार्थ्यांची आहेत, दोन घरच्या माणसांची. प्रश्न थोडे आखडून दिले आहेत.

रुग्णाने ‘पोटातून काहीतरी वर येतंय’ म्हणून बटण दाबले. १८ सेकंदांनी तो एकटक बघू लागला आणि ओठ चाटू लागला. ईईजीत उजव्या टेम्पोरल चॅनेलमध्ये (दोन इलेक्ट्रोडमधला फरक दाखवणाऱ्या रेषेत) लय दिसते ती बटणानंतर २४ सेकंदांनी. मी तिथे खूण केली, तर वरिष्ठ म्हणाले, ‘अजून मागे जा.’ सुरुवात नक्की कुठे धरायची? — ईईजी तंत्रज्ञ, सोलापूर

तुमची खूण चुकलेली नाही, फक्त ती एकटी पुरत नाही. एका आकडीच्या तीन वेळा वेगवेगळ्या लिहायच्या असतात: रुग्णाला पहिल्यांदा काही जाणवले ती वेळ, बघणाऱ्याला पहिल्यांदा काही दिसले ती वेळ आणि ईईजी पहिल्यांदा बदलला ती वेळ. तुमच्या रुग्णात त्या अनुक्रमे शून्य, १८ आणि २४ सेकंद आहेत. टेम्पोरल लोबच्या आकडीत हा क्रम वारंवार असाच लागतो.

कारण साधे आहे. यातल्या बऱ्याच आकड्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणशक्तीशी जोडलेल्या मेंदूच्या भागात, सुरू होतात. तो लोबच्या आतल्या कडेला, खोलवर, गुंडाळी होऊन बसलेला असतो. गुंडाळीमुळे त्याच्या एका भागातला विद्युतप्रवाह दुसऱ्या भागातल्या प्रवाहाला बऱ्याच अंशी खोडतो. जे उरते ते मेंदूभोवतीचे पाणी, कवटी आणि कातडी ओलांडताना विरते. डोक्यावर एखादी तरंग उठून दिसायची तर साधारण १० ते २० चौरस सेंटिमीटर बाह्यक, म्हणजे मेंदूचा वरचा थर, एकाच वेळी एका सुरात चालावे लागते. काडेपेटीची वरची बाजू डोळ्यांसमोर आणा, तेवढा तुकडा. हिप्पोकॅम्पसमधली ठिणगी तेवढी पसरेपर्यंत तुमच्या पडद्यावर शांतता असते. म्हणून डोक्यावरच्या ईईजीत दिसते ती बहुधा आग पोहोचल्याची वेळ, लागल्याची नव्हे.

आता ‘मागे जा’ याचा अर्थ. बटणाच्या आधी किमान एक मिनिट, शक्य असल्यास दोन मिनिटे मागे जाऊन पुढे वाचत या. आधी १० सेकंदांचे एक पान, संवेदनशीलता ७ मायक्रोव्होल्ट प्रति मिलिमीटर, खालचा फिल्टर १ हर्ट्झ (सेकंदाला एक तरंग), वरचा ७०. या फेरीत लय शोधू नका, काय थांबले ते शोधा. आकडीआधी दर काही सेकंदांनी येणारे उजवे टेम्पोरल स्पाइक, म्हणजे क्षणिक टोकदार तरंगा, अचानक बंद झाले का? एका बाजूची पार्श्वभूमी चपटी झाली का? एखादी मोठी शार्प वेव्ह (स्पाइकपेक्षा रुंद टोकदार तरंग) येऊन तिच्यामागे सगळे बारीक झाले का? चपटेपणा ठरवायचा असेल तर १० मिनिटांपूर्वीचे, रुग्ण तितकाच जागा असतानाचे एक पान शेजारी उघडून ठेवा. डोळे उघडल्यानेही आल्फा, म्हणजे डोळे मिटून जागे असतानाची लय, जाते, त्यामुळे व्हिडिओ बघितल्याशिवाय चपटेपणाला नाव देऊ नका.

दुसऱ्या फेरीत पान २० किंवा ३० सेकंदांचे करा. संथ लय १० सेकंदांच्या पानावर इतकी ताणली जाते की डोळ्याला ती लय वाटतच नाही. पान दाबले की टी४ किंवा एफ८ (उजव्या कानशिलाजवळचे इलेक्ट्रोड) यांच्या चॅनेलमधली २० मायक्रोव्होल्टची कुरबुर एकदम सलग माळेसारखी दिसते. अनेकदा सुरुवात अशी पाच-दहा सेकंद आधीची निघते. तुमच्या वरिष्ठांना बहुधा हेच दाखवायचे असावे.

तिसऱ्या फेरीत माँटाज, म्हणजे इलेक्ट्रोडच्या जोड्यांची मांडणी, बदला. पुढून मागे जाणाऱ्या द्विध्रुवी साखळीत, म्हणजे एफपी२–एफ८, एफ८–टी४, टी४–टी६, टी६–ओ२ अशा मांडणीत, फेज रिव्हर्सल (शेजारच्या दोन चॅनेलमध्ये तरंगाची दिशा उलटणे) कुठे आहे ते बघा. मग सरासरी संदर्भ (सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी) लावून सर्वांत जास्त ऋण व्होल्टेज कोणत्या इलेक्ट्रोडवर आहे ते ताडा. दोन्हींत उत्तर एकच आले तर जागा लिहा. वेगळे आले तर अजून एक-दोन माँटाज लावून क्षेत्र स्पष्ट करा.

शेवटी उत्क्रांती. आकडीची लय एका जागी गिरक्या घेत बसत नाही. समजा ती टी४ला ६ हर्ट्झने सुरू झाली, तर तिची उंची वाढत जाते, कडा टोकदार होतात, ती टी६ आणि एफ८कडे पसरते. मग वेग ४ हर्ट्झ, ३ हर्ट्झ असा उतरतो, आणि मोठ्या खडबडीत डेल्टावर (४ हर्ट्झहून संथ लयीवर) ती तुटते. वेग, आकार, जागा यांतले काहीच बदलत नसेल तर ती आकडी आहे असे म्हणण्याआधी थांबा. उलटा प्रकारही आढळतो: २–३ हर्ट्झची संथ लय आधी येते, अर्ध्या मिनिटाच्या आत चढून ५–७ होते आणि मग उतरते.

एक फसवी गोष्ट लक्षात असू द्या. काही आकड्या सुरू होतात, चार-सहा सेकंद पूर्ण थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. दुसरी सुरुवात अधिक ठसठशीत असते, कधी वेगळ्या जागी, क्वचित दुसऱ्या बाजूलाही. पहिली लहानशी लय नजरेतून सुटली की बाजूच चुकू शकते. मागे जाण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

सुरुवातीला थीटा (साधारण ४–७ हर्ट्झची लय) असेल तर हिप्पोकॅम्पस आणि डेल्टा असेल तर बाहेरचे बाह्यक, असे पाठ करून ठेवले आहे. हे कितपत खरे? — डीएम न्यूरॉलॉजीचा विद्यार्थी, मुंबई

पाठ केलेल्याला आधार आहे, पण त्याच्या अटी तुम्ही गाळल्या आहेत.

एबरसोल आणि पासिया यांनी १९९६ मध्ये टेम्पोरल आकड्यांच्या डोक्यावरच्या लयींचे प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात ५ ते ९ हर्ट्झची नियमित, एकसारखी लय लोबच्या खालच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर अगदी सुरुवातीलाच येते. हिप्पोकॅम्पसमधून उठणाऱ्या आकडीची ती सर्वांत विश्वासार्ह खूण. दुसऱ्या प्रकारात २ ते ५ हर्ट्झची ओबडधोबड, आकार बदलणारी लय एका बाजूला पसरलेली असते. ती बहुधा लोबच्या बाहेरच्या बाह्यकातून उठणाऱ्या आकडीत दिसते. तिसऱ्या प्रकारात बाजू सांगता येत नाही. सगळीकडे चपटेपणा किंवा विखुरलेला संथपणा एवढेच.

यातला ‘सुरुवातीलाच’ हा शब्द महत्त्वाचा. बाह्यकातली आकडी आधी खडबडीत डेल्टा देते आणि काही सेकंदांनी तीच सुबक ६ हर्ट्झ थीटा होते. तुम्ही फक्त थीटा बघितली तर हिप्पोकॅम्पस म्हणाल आणि चुकाल. ‘नियमित’ हा दुसरा महत्त्वाचा शब्द. पट्टी ठेवून सलग पाच-सहा तरंगांची रुंदी मोजा. जवळपास सारखी भरली तरच नियमित म्हणा.

ही थीटाही प्रत्यक्ष हिप्पोकॅम्पसची नसते. हिप्पोकॅम्पसने शेजारच्या खालच्या आणि बाहेरच्या टेम्पोरल बाह्यकाला सुरात ओढले की ती डोक्यावर उमटते. आकडी हिप्पोकॅम्पसपुरतीच राहिली तर वर काही उमटत नाही.

पहिल्या प्रकाराचे एक रूप हमखास नजरेतून सुटते. कधी कानाजवळ काही विशेष नसते, पण डोक्याच्या मधोमध, सीझेडच्या आसपास, तशाच वेगाची धन लय दिसते. लोबच्या तळाचा विद्युत द्विध्रुव उभा असला की त्याचे ऋण टोक खाली, गालाकडे, तोंड करते. तिथे आपले इलेक्ट्रोडच नसतात. धन टोक मात्र वर माथ्यावर येते. ही लय बघून आकडी माथ्याखालून आली असे लिहिले जाते आणि रुग्णाच्या तपासण्यांची दिशाच बदलते. माथ्यावर धन लय दिसली की खालच्या टेम्पोरल इलेक्ट्रोडवर त्याच क्षणी ऋण काही आहे का ते सरासरी संदर्भावर आधी तपासा.

एक कामाचा निकष रिसिंजर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दिला: आकडी सुरू झाल्यापासून ३० सेकंदांच्या आत टेम्पोरल किंवा स्फेनॉइडल (गालातून कवटीच्या तळाकडे घातलेल्या) इलेक्ट्रोडवर ५ हर्ट्झ किंवा अधिक वेगाची ठळक लय स्थिरावली, तर मेंदूच्या आत घातलेल्या इलेक्ट्रोडवरही बहुसंख्य रुग्णांत तीच बाजू निघते. पहिल्या सेकंदाचा अट्टहास न करता पहिल्या अर्ध्या मिनिटाला महत्त्व देणारा हा निकष रोजच्या कामात आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो.

आकडी संपल्यानंतरचा काळ विद्यार्थी सहसा वाचत नाहीत, हे मात्र खटकते. स्नायूंच्या गोंधळात सुरुवात दिसली नसली तरी नंतरचा खडबडीत डेल्टा किंवा चपटेपणा एकाच बाजूला राहिला, तर ती बाजू बरीच भरवशाची असते. आकडी थांबल्यानंतरची किमान पाच मिनिटे वाचा.

आमच्याकडे नेहमीचे १९ इलेक्ट्रोड आणि दोन कानांचे, एवढेच लावतात. टेम्पोरलसाठी आणखी लावावेत का? कुठे? — ईईजी तंत्रज्ञ, नागपूर

लावावेतच. जॅस्परने १९५८ मध्ये मांडलेल्या, इलेक्ट्रोड लावण्याच्या दहा-वीस पद्धतीत टेम्पोरल लोबचा तळ आणि पुढचे टोक जवळजवळ उघडे पडते. एफ७ आणि एफ८ यांना आपण ‘पुढचे टेम्पोरल’ म्हणतो, पण ते बसतात फ्रंटल लोबच्या खालच्या भागावर. टेम्पोरलचे ते ऐकतात खरे, पण शेजाऱ्याच्या घरातून. आंतरराष्ट्रीय क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी संघटनेने २०१७ मध्ये २५ इलेक्ट्रोडची मांडणी सुचवली. तिच्यात वाढवलेले सहा इलेक्ट्रोड, एफ९, टी९, पी९ आणि एफ१०, टी१०, पी१०, खालच्या टेम्पोरल ओळीचेच आहेत.

तुमच्या यंत्रात दोनच चॅनेल मोकळे असतील तर टी१ आणि टी२ लावा. माप असे: कानाच्या छिद्रापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. अंतर ९ सेंटिमीटर भरले तर कानापासून एक तृतीयांशावर, म्हणजे ३ सेंटिमीटरवर, पेन्सिलने बिंदू काढा आणि त्याच्या १ सेंटिमीटर वर इलेक्ट्रोड लावा. डाव्या-उजव्या बाजूचे माप वेगळे घ्या, एकावरून दुसरे काढू नका. जागेत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तरी दोन बाजूंच्या उंचीत खोटी तफावत दिसते.

या जागी केस नसतात, त्यामुळे काम सोपे वाटते, पण तेलकट कातडी आणि घाम यामुळे इलेक्ट्रोड निसटतो तो इथेच. आधी स्पिरिटने पुसा, मग घासणीच्या जेलने कापसाच्या काडीने पाच-सहा वेळा हलके घासा. रक्त येईल इतके नको. इम्पीडन्स (विद्युतरोध) ५ किलोओमच्या खाली आणा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या इलेक्ट्रोडचे आकडे एकमेकांच्या जवळ ठेवा. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या. जास्त झाली तर टी१ आणि एफ७ यांच्यामध्ये पेस्टचा पूल होतो. दोन्ही इलेक्ट्रोड एकच सिग्नल देतात, त्यांच्यातले चॅनेल सपाट होते आणि वाचणाऱ्याला तिथे मेंदू शांत आहे असे वाटते. दोन-तीन दिवसांच्या तपासणीत कोलोडियन (चिकटवायचा द्रव) आणि जाळीची पट्टी वापरत असाल तर डोळ्याजवळच्या या जागी रुग्णाचे डोळे झाकून, खोली हवेशीर ठेवून लावा.

आता कानाबद्दल. टेम्पोरलच्या रुग्णात कानाचा संदर्भ धोक्याचा असतो. डाव्या टेम्पोरल लोबचा ऋण स्पाइक डाव्या कानाच्या ए१ इलेक्ट्रोडवरही उमटतो. मग ए१ला जोडलेल्या डाव्या बाजूच्या सगळ्या चॅनेलमध्ये उलट दिशेची उसळी येते, अगदी दूरच्या सी३ आणि ओ१मध्येही, आणि खरा टी३ (डाव्या कानशिलावरचा) मात्र जवळजवळ सपाट दिसतो. असे पान दिसले की सीझेडचा किंवा सरासरीचा संदर्भ लावून बघा. झोपेत सीझेडवर व्हर्टेक्स वेव्ह (माथ्यावरच्या नेहमीच्या टोकदार तरंगा) येतात हे तेव्हा विसरू नका.

ओठांची हालचाल सुरू झाली की स्नायूंच्या काळ्या पट्ट्यांत सगळा ईईजी बुडतो. वरचा फिल्टर १५ हर्ट्झ केला की स्वच्छ दिसतो. मग तसाच वाचला तर? — निवासी डॉक्टर, कोल्हापूर

तसाच वाचू नका. फिल्टर स्नायूंचे टोक कापतो, स्नायू काढत नाही. कापलेला स्नायू १५ हर्ट्झच्या गुळगुळीत बीटासारखा (वेगवान लयीसारखा), कधी स्पाइकसारखा दिसतो आणि आकडीची वेगवान सुरुवात म्हणून लिहिला जातो. ७० हर्ट्झवर आधी बघा, मग ३०, मग लागलाच तर १५. जे १५वर दिसले ते ७०वर त्याच जागी काय होते हे परत जाऊन पडताळा. चावण्याची लय सेकंदाला एक-दोन असते आणि दोन्ही कानशिलांवर एकदमच येते, व्हिडिओतल्या जबड्याशी ती तंतोतंत जुळते. थीटा मात्र जबडा थांबला तरी पट्ट्यांच्या फटींतून चालू दिसते. माथ्यावरच्या सीझेड, पीझेड यांच्या खाली चावण्याचे स्नायू नसतात. आकडी तिथपर्यंत पसरली असेल तर या दोन चॅनेलमध्ये ती सर्वांत स्वच्छ वाचता येते.

आमच्या २३ वर्षांच्या मुलाच्या एमआरआयमध्ये डावीकडचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आहे. व्हिडिओ-ईईजीत दोन आकड्या आल्या आणि दोन्ही उजवीकडून दिसल्या. आता डॉक्टर शस्त्रक्रियेआधी आणखी तपासण्या सांगतात. मशीन चुकले असेल का? — एक वडील, चिपळूण

मशीन चुकलेले नसावे, आणि डॉक्टर थांबले आहेत हे तुमच्या मुलाच्या हिताचेच आहे.

अशा विसंगतीची दोन मोठी कारणे असतात. पहिले, आकडी डावीकडेच सुरू होते, पण तो हिप्पोकॅम्पस इतका आक्रसलेला असतो की शेजारच्या बाह्यकाला तो ओढू शकत नाही. आकडी मधल्या तंतूंवरून थेट पलीकडे जाते आणि निरोगी उजवा टेम्पोरल लोब ती मोठ्याने वाजवतो. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला मोठा आवाजच ऐकू येतो. दुसरे, आकड्या खरोखरच दोन्ही बाजूंनी येत असतील. पहिल्या कारणात डाव्या बाजूची शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते, दुसऱ्यात तिचा हिशेब पार बदलतो. दोन आकड्यांवरून हा फरक करता येत नाही.

म्हणून आणखी आकड्या नोंदवतात. सर्वसाधारणपणे एकूण तीन ते पाच तरी हव्यात, आणि बाजू बदलत असेल तर जास्त. त्यासाठी गोळ्या कमी करतात, पण ते रुग्णालयात, देखरेखीखालीच. घरी एकही गोळी चुकवू नका. सोबत स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि पेट स्कॅन होतात. तरीही मेळ बसला नाही तर कवटीतून बारीक इलेक्ट्रोड आत घालून नोंद घेतात.

तुम्ही स्वतः एक मोठी मदत करू शकता. आकडीत मुलाचा कोणता हात वाकडा, ताठ होतो आणि कोणता हात कपडे चाचपत राहतो, हे आठवून किंवा मोबाइलवर चित्रित करून सांगा. ताठ होणारा हात सहसा आकडीच्या विरुद्ध बाजूचा असतो. आकडीनंतर तो कोणत्या हाताने नाक पुसतो? बहुधा ज्या बाजूला आकडी, त्याच बाजूच्या हाताने. शुद्धीवर आल्यावर नजर ओळखीची पण शब्द सापडत नाहीत, असे काही मिनिटे होत असेल तर भाषेच्या बाजूकडे, म्हणजे उजखुऱ्या माणसात बहुधा डावीकडे, संशय जातो. या साध्या गोष्टी ईईजीच्या तोडीच्या ठरतात.

लहानपणी तापात लांबलेली आकडी आली होती का, हेही सांगा. हिप्पोकॅम्पस आक्रसलेल्या अनेकांच्या इतिहासात ती सापडते. डोक्याच्या स्कॅनमध्ये कुठे कॅल्शियमचा ठिपका असेल तर तो अहवालही सोबत न्या. आपल्या देशात फीतकृमीच्या अळीचा जुना डाग आणि आक्रसलेला हिप्पोकॅम्पस एकाच रुग्णात आढळतात, आणि मग आकडी कोणामुळे हा प्रश्न उभा राहतो.

आशा सोडू नका. कॅनडातल्या लंडन या शहरात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या आकड्यांतून मुक्त असलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते आणि नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत या शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत. बाजू पक्की करण्यासाठी लागणारे काही महिने वाया जात नाहीत.

मी ५६ वर्षांची शिक्षिका. प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभी असताना चक्कर येऊन पडले, मिनिटभरात शुद्धीवर आले. ईईजीत ‘डाव्या टेम्पोरल भागात शार्प वेव्ह’ असे आले म्हणून फेफऱ्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मला फेफरे आहे का? — वाचक, पणजी

पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुमच्या शंकेला आधार आहे. उन्हात उभे असताना येणारी आणि लवकर ओसरणारी चक्कर बहुतेकदा रक्तदाब उतरल्याची असते. आणि पन्नाशीच्या आसपास डुलकी लागताना टेम्पोरल भागात दिसणाऱ्या काही टोकदार तरंगा पूर्ण निरुपद्रवी असतात.

त्यातल्या सर्वांत फसव्या म्हणजे विकेट स्पाइक. ६ ते ११ हर्ट्झच्या कमानी ओळीने येतात. त्यातली एखादी सुटी आली की ती अगदी स्पाइक वाटते. ओळखायची कशी? खऱ्या अपस्माराच्या स्पाइकची चढण उभी आणि उतरण तिरपी असते, मागोमाग एक संथ तरंग येते आणि भोवतालची लय क्षणभर विस्कटते. विकेटच्या दोन्ही बाजू सारख्या, मागे संथ तरंग नाही, पार्श्वभूमी जशीच्या तशी. त्याच आलेखात दहा मिनिटे पुढे-मागे गेले की तशाच कमानींची ओळ सापडते. तरुणांत अशीच फसगत डुलकीतल्या ५–७ हर्ट्झच्या मधल्या टेम्पोरल थीटामुळे होते. ती दहा-दहा सेकंद चालते, पण वेग आणि आकार बदलत नाही.

तुम्ही करायचे ते एवढे: गोळ्या स्वतःहून बंद करू नका, अचानक तोडल्यानेही आकडी येऊ शकते. ईईजीचा मूळ आलेख, नुसता अहवाल नव्हे, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि अपस्माराचे काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. उभे राहिल्यावरचा रक्तदाब आणि ईसीजीही बघायला सांगा. आलेखात खरा स्पाइक निघाला तरी निदान पडण्याच्या वर्णनावरून होते. लक्षणे नसलेल्या १३ हजारांहून अधिक तरुण वैमानिक उमेदवारांच्या ईईजीत ०.५ टक्के जणांना अपस्मारासारख्या तरंगा सापडल्या होत्या. हे प्रमाण थोडे आहे, पण शून्य नाही.

ईईजी नॉर्मल आला. म्हणजे आकडी मानसिक आहे का? — वाचक, नाशिक

नाही. वीस-तीस मिनिटांचा पहिला ईईजी फेफरे असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांत नॉर्मल येऊ शकतो. रात्री कमी झोपून, झोपेतला ईईजी पुन्हा केला की शक्यता वाढते. इतकेच नव्हे, शुद्ध शाबूत असलेल्या छोट्या झटक्यात, पोटातून उठणारी कळ किंवा अचानक भीती एवढ्याच रूपात, झटका चालू असतानाही डोक्यावरचा ईईजी बहुतेकदा बदलत नाही. तेवढ्यावरून कोणी ‘हे मनाचे आहे’ म्हणत असेल तर दुसरे मत घ्या.

व्हिडिओ-ईईजीच्या खोलीत आकडी आली की आम्ही परिचारिकांनी नेमके काय करायचे? नातेवाईक घाबरून रुग्णाला धरतात आणि सगळे झाकले जाते. — परिचारिका, पुणे

पहिले, पांघरूण बाजूला करा आणि रुग्ण व कॅमेरा यांच्यामध्ये उभ्या राहू नका. हात पांघरुणात असतील तर कोणता हात ताठ झाला ते कधीच कळणार नाही. नातेवाइकांना आल्या दिवशीच सांगून ठेवा: बटण दाबा, बाजूला व्हा, तोंडात काही घालू नका.

दुसरे, रुग्णाशी मोठ्याने बोला. नाव विचारा. ‘दोन्ही हात वर करा’ म्हणा. दोन शब्द द्या, समजा ‘पिवळी छत्री’, आणि लक्षात ठेवायला सांगा. पेन दाखवून ‘हे काय?’ विचारा. जे दिसते ते कॅमेऱ्यासाठी मोठ्याने बोला: ‘डावा हात वाकडा, मान उजवीकडे, उत्तर देत नाही.’ आकडी थांबल्यावर दर अर्ध्या मिनिटाने तेच प्रश्न परत विचारा आणि पहिले बरोबर वाक्य कधी आले ती वेळ बोलून नोंदवा. मग दिलेले शब्द आठवतात का विचारा. रुग्ण उजखुरा की डावखुरा हे फाइलवर आधीच लिहिलेले असू द्या.

तिसरे, सुरक्षितता. कुशीवर वळवा, ऑक्सिजन आणि सक्शन हाताशी ठेवा. मोठी आकडी पाच मिनिटांपलीकडे गेली तर ठरलेले इंजेक्शन द्यायचे असते. ते नोंदीसाठी अडवून ठेवायचे नाही. गोंधळलेला रुग्ण उठून चालू लागला तर त्याला करकचून धरू नका, सोबत चाला. धरल्याने तो झटापट करतो.

अहवालात शेवटी काय लिहावे? ‘उजव्या टेम्पोरल लोबची आकडी’ एवढे पुरे का? — सोलापूरचेच तंत्रज्ञ

तुम्ही काय बघितले आणि त्यावरून काय वाटते, ही दोन वाक्ये वेगळी ठेवा. तुमच्या रुग्णासाठी आम्ही असे लिहू: ‘रुग्णाने पोटातल्या संवेदनेसाठी बटण दाबले. त्या वेळी ईईजीत स्पष्ट बदल नाही. १८ सेकंदांनी एकटक बघणे आणि ओठांची हालचाल. २४ सेकंदांनी टी४ व टी२वर ६ हर्ट्झची नियमित लय, पुढे टी६कडे प्रसार, शेवटी ३ हर्ट्झ. आकडीनंतर उजव्या टेम्पोरल भागात ४ मिनिटे संथ लय. डोक्यावरच्या ईईजीतील पहिला बदल उजव्या टेम्पोरल भागात. लक्षणे ईईजीच्या आधी सुरू झालेली असल्यामुळे मूळ स्थानाबद्दल एमआरआय आणि इतर आकड्यांसोबत विचार व्हावा.’ यातले ‘६’, ‘३’ आणि ‘४ मिनिटे’ हे आकडे आणि इलेक्ट्रोडची नावे आम्ही नमुन्यादाखल घातली आहेत. ते पट्टी लावून मोजा, तपासा आणि तुमचे घाला.